हारालांपी पुन्हा वारला

सोमवारी सकाळी हारालांपी वारला, आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या आत नेव्हेनाला कळून चुकलं की हा माणूस मेल्यावरही तिच्या डोक्याचा ताप कमी करणार नाही.

एका हातात शोकपत्रकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात खळीचा डबा आणि ब्रश, अशी ती बेकरीसमोरच्या विजेच्या खांबाशी उभी होती. झेरावित्सा गावात माणूस गेला की तो खांबावर लागतो. काळी चौकट, मधे फोटो, खाली जन्माचं नि मृत्यूचं साल, त्याखाली शोक करणाऱ्यांची नावं. चाळीस दिवसांनी तो पुन्हा लागतो, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्ष भरलं की पुन्हा. त्यामुळे गावातले मेलेले लोक जिवंतांपेक्षा जास्त वेळा रस्त्यात भेटतात. नेव्हेनानं पहिलं पत्रक चिकटवलं, तळहातानं त्यातले बुडबुडे काढले, एवढ्यात बेकरीवाला त्सोन्यो पिठाचे हात पुसत बाहेर आला. त्यानं फोटो बघितला आणि खो खो हसला.

"काय सांगतेस! वर्ष झालं पण?"

"कसलं वर्ष? आज सकाळी गेला तो."

"गेला, गेला. गेल्या एप्रिलातही गेला होता. आता वर्षश्राद्ध नको का करायला? फोटोसुद्धा तोच! निदान टाय तरी बदलायचा म्हणावं."

"त्सोन्यो, त्याचे डोळे मी मिटलेत. या हातांनी."

"गेल्या वर्षी तू याच डोळ्यांनी रडली होतीस," त्सोन्यो म्हणाला. "मी तुझ्या शेजारीच उभा होतो. मयताचे गहूसुद्धा तूच शिजवून आणले होतेस. म्हाताऱ्याला सांग, यंदा आम्ही कुणी सही करणार नाही."

नेव्हेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ब्रश फेकून मारावा असं तिला वाटलं. त्सोन्योला मारावा की घरात हात छातीवर घेऊन पडलेल्या हारालांपीला, हे मात्र तिचं तिलाच ठरवता येईना.

कारण त्सोन्योचंही चुकत नव्हतं. ही सवय गावाला हारालांपीनंच लावली होती.

एकतीस वर्षं तो तिचा शेजारी. दोघांच्या अंगणात एकच भिंत, आणि ती भिंतही त्याच्या मते १८७०च्या आधीची, त्यामुळे तिच्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालायची नेव्हेनाला बंदी. भूमापन खात्यातून तो निवृत्त झाला होता. उंच, वाळकुडा, उन्हाळा असो की हिवाळा अंगात तोच तपकिरी कोट, एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्यात सुतळीचा गुंडा. कुणाशी बोलताना तो माणसाकडे बघतच नसे, त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघे. बायको रायना बारा वर्षं टिकली आणि मग बुर्गासला बहिणीकडे निघून गेली. जाताना ती नेव्हेनाला एवढंच म्हणाली, "त्याच्या लक्षात यायला आठवडा लागेल, तोवर सांगू नकोस."

गावात एखादं जुनं घर पडलं की हारालांपी त्याचं शोकपत्रक काढायचा. माणसासारखंच, काळ्या चौकटीत. 'बोचेव्ह कुटुंबाचं घर, १८५८ ते २००६. वीस वर्षं कुणी छप्पर न शाकारल्यामुळे, दीर्घकाळ गळून गळून, एका पावसाळी रात्री कोसळलं. शोकाकुल: गल्ली.' खाली घराचा फोटो, अंगणात कोंबड्यांसकट. हे तो खांबांवर लावायचा, नगरपालिकेच्या दारावर लावायचा, आणि ज्यांनी घर पाडलं त्यांच्या नव्या फाटकावर तर आवर्जून लावायचा. चाळीस दिवसांनी पुन्हा. सहा महिन्यांनी पुन्हा. नगराध्यक्ष कामेननं एकदा त्याला बोलावून दम दिला, तर हा म्हणाला, "मेलेला माणूसच असावा असं कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा." नियम सापडला नाही. गाव हसलं. गाव त्याच्यावर कायम हसतच होतं. फक्त नेव्हेना हसत नव्हती, कारण तिला खिडक्यांची थंडी वाजत होती.

खिडक्यांचं प्रकरण असं. नेव्हेनाच्या घराला सात खिडक्या, सगळ्या जुन्या लाकडाच्या, सगळ्यांतून वारा शीळ घालायचा. तिच्या मुलानं जर्मनीतून प्लास्टिकच्या चौकटी पाठवल्या, पांढऱ्याशुभ्र, दुहेरी काचांच्या. बसवणारा माणूस दारात आला आणि पाठोपाठ हारालांपी एक कागद घेऊन आला. घर वारसा यादीत होतं. ते यादीत घातलं होतं त्यानंच, एकोणीस वर्षांपूर्वी, नेव्हेना गिरणीत पाळीवर असताना.

"नेव्हेना, या खिडक्या एकशे चाळीस वर्षं टिकल्यात," तो म्हणाला.

"त्या टिकल्यात, मी टिकणार नाही! रात्री टोपी घालून झोपते मी."

"मी दुरुस्त करून देतो. एकेक करून. फुकट."

त्यानं शब्द पाळला, हे सगळ्यात वाईट. पाळला नसता तर तिनं खुशाल प्लास्टिक बसवलं असतं. तीन वर्षांत त्यानं सहा खिडक्या केल्या. प्रत्येकीला सहा सहा महिने. तेल पाजायचा, वाळवायचा, पुन्हा पाजायचा, बिजागऱ्यांसाठी कुठल्या तरी गावात जाऊन यायचा. आणि केल्या तेव्हा अशा केल्या की एका बोटानं मिटायच्या आणि वाऱ्याची झुळूकदेखील आत येत नसे. सातवी स्वयंपाकघरातली. ती त्यानं ऑक्टोबरात काढून नेली आणि त्या जागी नायलॉनचा कागद ठोकला. "नाताळच्या आत," म्हणाला. नाताळ गेला, फेब्रुवारी गेला, कागद रात्रंदिवस फडफडत राहिला, आणि प्लास्टिकच्या सात खिडक्या खोपटात पडून राहिल्या, त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

वर त्याची चाकरी. "नेव्हेना, जरा शिडी धर." "नेव्हेना, हा दोरा त्या कोपऱ्याला लाव." घरात तिचं सूप उतू जात असायचं आणि ती बाहेर कुणाच्या तरी ओसाड अंगणात शिडी धरून उभी असायची. शिव्या देत धरायची, पण धरायची.

अशीच एकदा ती रंगारखान्यात शिडी धरून उभी होती. रंगारखाना म्हणजे मुख्य रस्त्याच्या वळणावरची ती जुनी इमारत: खाली दगड, वर लाकूड, छपराला दगडी पाट्या. पूर्वी तिथं लोकर रंगवायचे. उंबऱ्याचा दगड अजून निळा होता. हारालांपी वर चढून दरवाजाच्या तुळईवर कोरलेलं साल वाचत होता. शेवटचा आकडा आठ वाटायचा. त्यानं नेव्हेनाकडून मूठभर पीठ मागून घेतलं, कोरीव रेघांत चोळलं, फुंकर मारली, आणि ओरडला, "तीन! नेव्हेना, तीन आहे! ती आठाची डावी बाजू म्हणजे लाकडाची गाठ आहे. अठराशे त्रेसष्ट!" एवढा आनंद त्यानं स्वतःच्या लग्नातही दाखवला नसेल, असं रायना म्हणाली असती.

मग तो वरूनच, तिच्याकडे न बघता, बोलायला लागला. १९७४ साली हा रस्ता आखला तेव्हा मोजणी त्यानंच केली होती. अठ्ठावीस वर्षांचा होता. वरून हुकूम आला, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची. रेघेत येणाऱ्या एकतीस घरांच्या फाटकांवर त्यानं लाल रंगाच्या फुल्या मारल्या.

"आमच्याही," नेव्हेना म्हणाली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, माहेरच्या घरात. ती लाल फुली तिनं ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला होता आणि आईनं तिला मारलं होतं.

"माहीत आहे," हारालांपी म्हणाला. "तीस पाडली. एकतिसावा हा. इथं आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, उंबरा निळा दिसत होता. मी रेघ चार मीटर वाकवली. नकाशावर लिहिलं, खाली पाणी आहे, पाया बसणार नाही. पाणीबिणी काही नव्हतं."

म्हणजे झेरावित्साचं ते वळण, ज्याला पन्नास वर्षं प्रत्येक ड्रायव्हर शिव्या घालत आला, जिथं दर हिवाळ्यात एक तरी गाडी भिंतीला घासते, ते याचं काम होतं. एकतीस घरांतलं एक वाचवलं म्हणून त्याचं कौतुक करायचं, की तिचं घर त्यात नव्हतं म्हणून शिडी सोडून द्यायची? तिनं शिडी सोडली नाही. "खाली उतर, माझं सूप करपलं," एवढंच ती म्हणाली.

आता कामेनला ते वळण सरळ करायचं होतं. कारण काय, तर गावातली जुनी घरं बघायला पर्यटक येतात आणि त्यांच्या मोठ्या बसगाड्या त्या वळणावर वळत नाहीत. म्हणून जुनं घर पाडायचं. हे ऐकून हारालांपी तीन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी, गेल्या एप्रिलात, तो वारला.

म्हणजे खांबाखांबांवर त्याचं शोकपत्रक लागलं. 'हारालांपी द्राग्नेव्ह, भूमापक. अंत्ययात्रा गुरुवारी सकाळी आठ वाजता रंगारखान्यातून.' नेमक्या त्याच सकाळी रंगारखाना पाडायला यंत्र येणार होतं. तो दोन दिवस घरात दिवा न लावता दडून बसला. नेव्हेना दार ठोठावून दमली, मग स्वयंपाकघरात बसून ओक्साबोक्शी रडली, मग उठून मयताचे गहू शिजवायला लागली, भरपूर अक्रोड आणि पिठीसाखर घालून. गुरुवारी सगळं गाव फुलं घेऊन आलं, मेलेल्याला देतात तशी सम संख्येत, कुणी चार, कुणी सहा. रायना बुर्गासहून आठ तास बसमध्ये बसून आली. आणि रंगारखान्याच्या दारात, निळ्या उंबऱ्यावर तिपाई टाकून, हारालांपी टाय लावून बसला होता.

"आलाच आहात तर इथं सही करा," तो म्हणाला.

रायनानं त्याच्या थोबाडीत मारली आणि मग रंगारखाना वाचवायच्या अर्जावर सही केली. एकशे बेचाळीस जणांनी सही केली, निम्म्यांनी त्याला फुलं फेकून मारत. यंत्र परत गेलं. राजधानीतल्या कचेरीतून एक वर्षाची स्थगिती आली. नेव्हेनानं सही केली नाही. ती गव्हाचं पातेलं घेऊन घरी परतली आणि भिंतीवरून ओरडली, "खरोखर मरशील ना, तेव्हा एक दाणा शिजवणार नाही तुझ्यासाठी!"

"बरं," भिंतीपलीकडून आवाज आला. "अक्रोड मात्र छान होते."

इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. चाळीस दिवसांनी त्यानं आपलं चाळीस दिवसांचं पत्रक लावलं: 'अजून उत्तर नाही.' सहा महिन्यांनी सहा महिन्यांचं: 'कायमची स्थगिती अजून नाही.' लोक खांबाशी थांबून हसायचे. वर्षाचं पत्रक कधी लागतं याची सगळं गाव वाट बघत होतं, आणि वर्ष आणि स्थगिती दोन्ही संपायला तीन दिवस उरलेले असताना, सोमवारी, नेव्हेना नायलॉनच्या कागदावरून भांडायला त्याच्या कामाच्या खोलीत शिरली. तिच्या खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकून तो बसला होता. निम्मं भांडण झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग सगळंच त्याच्या करणीनं उलटं फिरत गेलं. पत्रकं छापणाऱ्या दाफिनानं डोळे पुसत जुनाच साचा काढला आणि साल बदललं. दुसरा फोटो नव्हता. बाकी सगळ्या फोटोंत तो कुठल्या ना कुठल्या भिंतीकडे तोंड करून, पाठमोरा होता. डॉक्टर गाडीतून येऊन गेला, तर लोक म्हणाले, यंदा डॉक्टरपण आणलाय! मयताची घंटा वाजली असती तर गावाला पटलं असतं. पण घंटा वाजवायला दोन वर्षं बंदी होती, कारण चर्चच्या मनोऱ्याची तुळई १८४०ची आहे आणि तिला तडा गेलाय असा अर्ज कुणीतरी केला होता. कुणीतरी म्हणजे कुणी, हे सांगायला नकोच.

पाद्री व्लासी तीन गावं सांभाळणारा भला माणूस. त्यानंसुद्धा फोनवर 'लेल्या', म्हणजे मावशी, म्हणत अदबीनं विचारलं, "लेल्या नेव्हेना, रागावू नका, पण तुम्ही त्याला हात लावून बघितलंत ना?"

"आंघोळ घातली, फादर! आणखी काय करू? त्याला उठवून तुमच्याशी बोलायला लावू?"

रायनालाही तिनं फोन केला.

"या वेळी मी येणार नाही," रायना म्हणाली. "आठ तास लागतात. पाय सुजतात." मग हळूच, "नेव्हेना. खरं सांग."

"खरं आहे."

"कोट घातलाय का त्याला? तो तपकिरी?"

"नाही. काळा घातलाय."

"तपकिरी घाल," रायना म्हणाली, आणि फोन ठेवला.

मंगळवारभर नेव्हेना दारोदार हिंडली. एका माणसाला चार माणसांच्या खांद्यावर आणि गावासमोर निरोप मिळावा, तिला एवढंच हवं होतं. तिनं कुणाला शपथ घातली, कुणाला झापलं. कुणी तिची कीव केली: "तुला पुन्हा फसवलं गं त्यानं." कुणी शहाण्यासारखं सांगितलं, "अगं, परवा यंत्र येणार आहे. त्याची तयारी चाललीय ही. परवा येऊ की आम्ही, बघायला." एका म्हातारीनं तर दार लोटताना बजावलं, "खरं असलं तर वाईट आहे. पण फुलं मी दुसऱ्यांदा आणणार नाही." नेव्हेनाला वाटलं, रस्त्याच्या मधोमध बसून मोठ्यानं बोंब मारावी. एवढे एकतीस वर्षांचे शब्द साठवले होते, भांडणासाठी म्हणून. आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा गावात तिच्या शब्दाला दमडीची किंमत राहिली नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन तिनं पाच किलो गहू भिजत घातले. एक दाणा शिजवणार नाही म्हणाली होती. शिव्या देत शिजवले.

बुधवारी मयताला सहा जण आले. पाद्री, दाफिना, खड्डा खणणारे दोघे, बहिरा टपालवाला आणि नेव्हेना. शवपेटी उचलायला हात कमी पडले, तेव्हा दाफिना आणि तिनं एकेक कोपरा धरला. चढावर दाफिनाची चप्पल तुटली. नेव्हेना दात-ओठ खाऊन चालत होती. रडायचंसुद्धा सुचत नव्हतं, एवढी ती चिडली होती. या गावावर, कामेनवर, आणि सगळ्यांत जास्त पेटीतल्या माणसावर, ज्यानं शेकडो घरांची मयतं रीतसर केली आणि स्वतःचं एवढं गचाळ करून ठेवलं. पातेल्यातले सहा चमचे गहू संपले. बाकीचं पातेलं ती तसंच घरी घेऊन आली.

गुरुवारी सकाळी आठला यंत्र आलं. गाव त्याच्याआधी आलं होतं. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. रंगारखान्याच्या दारात तिपाई होती, ती हारालांपीनं वर्षभर तिथंच ठेवली होती. सगळ्यांचे डोळे तिपाईकडे.

कामेन हातात कागद घेऊन उभा होता. तो खरा घाबरलेला दिसत होता. "म्हाताऱ्याला बोलवा," तो म्हणाला. "काय तमाशा करायचाय तो एकदा करू दे."

"हारालांपीकाका!" त्सोन्योनं हाळी दिली. "या बाहेर! सगळे आलेत!"

कुणी आलं नाही. दहा मिनिटं गेली. यंत्राचा ड्रायव्हर शेजारच्या गावचा तरणा माणूस होता, त्यानं सिगारेट पेटवली, संपवली. कुणीतरी हसलं, पण एकटंच. बिया सोलायचा आवाज हळूहळू थांबला. त्सोन्यो दारापर्यंत गेला, आत डोकावला, आणि परत आला तेव्हा त्याचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"आत नाहीये," तो म्हणाला.

गर्दीतून नेव्हेना पातेलं घेऊन आली. तिनं कुणाला काही ऐकवलं नाही. दोन दिवस ऐकवून झालं होतं. कागदाच्या पेल्यात चमचाभर गहू घातले आणि पहिला पेला त्सोन्योच्या हातात दिला. पेला घेताना 'देव त्याला क्षमा करो' म्हणायची रीत आहे. त्सोन्योच्या तोंडून ते दोन वेळा निघालंच नाही. तिसऱ्यांदा निघालं. मग ती एकेकाकडे गेली. देव त्याला क्षमा करो. देव त्याला क्षमा करो. खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. कामेननं टोपी काढली आणि खाल्लं. ड्रायव्हर खाली उतरला, हात पँटला पुसले, त्यानंही रीतसर म्हटलं आणि खाल्लं.

पेला चुरगाळून ड्रायव्हरनं कामेनकडे बघितलं. कामेननं घड्याळाकडे बघितलं.

एकशे बेचाळीस सह्या करणारे तिथं उभे होते. तिपाई रिकामी होती. कुणीही जाऊन बसू शकत होतं. नेव्हेनानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि प्रत्येकानं आपल्या पेल्यात बघितलं. मग तिच्या मनात आलं की आपणच बसावं. पण हातात पातेलं होतं, जड, आणि ते कुठं टेकवावं म्हणून ती वळून जागा शोधू लागली. एवढाच वेळ गेला. ती परत वळली तेव्हा ड्रायव्हरनं तिपाई उचलून अदबीनं बाजूला, भिंतीला लावून ठेवली होती, आणि यंत्र सुरू झालं होतं.

दुपारी बारापर्यंत सगळं आटोपलं. दगडी पाट्या पडताना इतका आवाज झाला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री पळून गेली. निळा उंबरा शेवटी उचलला, तो दोन तुकड्यांत निघाला.

संध्याकाळी थडग्यावर एवढी फुलं जमली की क्रूस दिसेना. चार चार, सहा सहा, दहा दहा. नेव्हेना फाटकातूनच ती बघून परत फिरली. बुधवारी यातली चार माणसं आली असती, तर दाफिनाची चप्पल तुटली नसती.

शुक्रवारी सकाळी ती पाव आणायला निघाली, तेव्हा तिच्या फाटकावर काळ्या चौकटीचा कागद होता. शेजारच्या खांबावरही होता. त्याच्या पुढच्या खांबावरही. रात्रीतून कुणीतरी सगळ्या गावात लावले होते. 'रंगारखाना, १८६८ ते २०२४. शोकाकुल: झेरावित्साचे सर्व नागरिक.' वर तुळईचा फोटो होता, कोपऱ्यात तिपाई. नेव्हेनानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती घरात परतली, नायलॉनच्या कागदाखालच्या खणातून काळं जाड पेन काढलं आणि बाहेर आली.

फाटकावरचा आठ तिनं खोडला आणि त्याच्या डोक्यावर तीन काढला. मग पहिल्या खांबावर. मग बसथांब्यावर, मग नगरपालिकेच्या दारावर. बेकरीपाशी आली तेव्हा तिची बोटं काळी झाली होती. त्सोन्यो दारात उभा होता. हे पत्रक कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"लेल्या, काय करताय?" त्यानं हळूच विचारलं. आजवर कधी त्यानं तिला लेल्या म्हटलं नव्हतं.

"साल चुकलंय," ती म्हणाली. "त्रेसष्ट. अडुसष्ट नाही."

"स्पष्ट आठ दिसतो हो फोटोत. तुम्हाला कसं माहीत?"

"शिडी मी धरली होती," नेव्हेना म्हणाली, आणि पुढच्या खांबाकडे चालू लागली.